भूतकाळाचे अक्षर

इंग्रजी भाषेच्या शुद्धाशुद्धाचा विचार करू इच्छिणाऱ्याने कोशाच्या कोपऱ्यात पडलेल्या दुर्मिळ आणि अवघड शब्दांकडे जाण्याचे कारण नाही. जे वाक्प्रयोग दिवसाकाठी अनेकदा तोंडी येतात आणि ज्यांचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक असतो, त्यांतच त्या भाषेच्या लेखनाचे आणि काळव्यवस्थेचे मूलगामी प्रश्न सामावलेले आहेत. ‘पूर्वी आम्ही येथे येत असू’ हे इंग्रजीत सांगताना ‘यूस्ड टु’ अशी जी शब्दांची जोडी योजावी लागते, तिच्यातील पहिल्या शब्दाच्या अखेरीस डी हे अक्षर लिहावे की लिहू नये, याविषयी ज्यांची ती मातृभाषा आहे असे लोकही वारंवार घोटाळतात. आणि तोच शब्द बिनचूक लिहिणारा आपल्याकडील विद्यार्थी पुढच्याच ओळीत काळाची अशी चूक करतो, की जी इंग्रजी बोलणाऱ्या देशात शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसाकडून सहसा व्हावयाची नाही. चुकतात दोघेही, परंतु दोघांच्या चुकांचे कूळ भिन्न आहे. माझे म्हणणे असे, की चुकीचे कूळ ओळखल्यावाचून ती सुधारण्याचा यत्न व्यर्थ होय. इंग्रजीचे लेखन हे ध्वनीपेक्षा व्याकरणाचे दप्तर अधिक आहे, म्हणून ज्या अक्षराच्या पोटात व्याकरण अद्याप जिवंत आहे ते अक्षर आग्रहाने राखावे, जेथे ते निमाले आहे तेथे रूढीला वाट द्यावी, आणि मराठी विद्यार्थ्याला त्याच्या चुका इंग्रजांसाठी सिद्ध केलेल्या याद्यांवरून न शिकविता मराठीच्याच काळव्यवस्थेवरून उलगडून दाखवाव्यात.

‘यूस्ड टु’ची ही जोडी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. ‘यूज’ या क्रियापदाचा आज रूढ असलेला अर्थ ‘वापरणे’ हा. परंतु ‘एखादी गोष्ट करण्याची सवय असणे’ असाही त्याचा एक जुना अर्थ होता, आणि त्या अर्थाने ते पूर्वी वर्तमानकाळातही चालत असे. कालांतराने वर्तमानकाळाची ती रूपे लोपली आणि भूतकाळाचे एकच रूप मागे उरले. ‘त्याने सुरी वापरली’ असे म्हणताना इंग्रज मनुष्य ‘यूझ्ड’ असा सघोष उच्चार करतो. परंतु ‘येत असे’ या अर्थाने तोच शब्द आला आणि त्यामागून ‘टु’ आले, की ड आणि ट या दोन्ही ध्वनींसाठी जिभेला एकाच जागी टेकावे लागत असल्यामुळे ती दोनदा टेकण्याचे श्रम घेत नाही, ड आपला घोष टाकून पुढच्या टकारात मिसळून जातो, त्याच्या संगतीने अलीकडचा झकारही अघोष होऊन सकार बनतो, आणि कानावर ‘यूस्टु’ एवढा एकच सलग शब्द पडतो. या उच्चारात डी कोठेही नाही. ज्याने भाषा कानाने मिळविली त्याने ती लिहिताना डी गाळली, तर त्यात अज्ञानापेक्षा कानाचा प्रामाणिकपणाच अधिक आहे. ‘अमुक करणे अपेक्षित आहे’ या अर्थाच्या ‘सपोज्ड टु’ची गतही नेमकी हीच. तरीही ‘यूस्ड टु’मध्ये डी लिहिली पाहिजे, कारण त्या वाक्यात भूतकाळाची दुसरी कोणतीही खूण नाही. ती पुसली, की वाक्याचा काळच हरपतो. आता हेच वाक्य नकारार्थी करून पाहावे. तेथे ‘डिड नॉट’ हे साहाय्यक येते, भूतकाळाचा सारा भार ते आपल्या अंगावर घेते, आणि मुख्य क्रियापद आपल्या मूळ रूपात परतते. म्हणून ‘डिड नॉट’च्या पुढे ‘यूस टु’ डीवाचून लिहिणे व्याकरणास धरून आहे. काही साक्षेपी लेखक तेथेही डी ठेवतात, आणि ‘यूस्ड नॉट टु’ अशी जुनी, दरबारी थाटाची रचना तर अजूनही क्वचित आढळते. परंतु व्याकरणाचा कौल मला स्पष्ट दिसतो. एका वाक्यात डी हवी आणि दुसऱ्यात नको, हे दोन्ही निर्णय एकाच नियमातून निघतात: भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच, आणि ती पहिल्या क्रियापदावर. हा नियम ज्याला उमगला त्याला दोन्ही रूपे पाठ करावी लागत नाहीत.

लेखनाने ध्वनीच्या मागे न जाता व्याकरणाच्या मागे जावे, हे पुष्कळांना अन्यायाचे वाटते. ‘बोलतो तसे लिहावे’ हे तत्त्व ऐकावयास इतके सरळ आहे, की त्याविरुद्ध युक्तिवाद करणारा मनुष्य सनातनी ठरतो. परंतु इंग्रजीच्या नियमित भूतकाळाचेच उदाहरण घ्यावे. ‘वॉक’पासून ‘वॉक्ट’, ‘कॉल’पासून ‘कॉल्ड’ आणि ‘वाँट’पासून ‘वाँटिड’ असे उच्चार होतात. म्हणजे भूतकाळाचा प्रत्यय कानाला ट, ड आणि इड अशा तीन वेगवेगळ्या स्वरूपांत भेटतो. लेखनात मात्र तिन्ही ठिकाणी ई-डी ही एकच जोडी. या एकरूपतेचा लाभ असा, की वाचणाऱ्याचा डोळा उच्चाराची वाट न पाहता काळ ओळखतो, आणि जे क्रियापद आपण पूर्वी कधी ऐकलेही नव्हते त्याचाही भूतकाळ निःशंकपणे सिद्ध करता येतो. 1906 साली अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांच्या द्रव्यसाहाय्याने शब्दलेखन सुलभ करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी मुद्रणालयास असे फर्मान सोडले, की मंडळाने सुचविलेली 300 शब्दांची सुलभ रूपे यापुढे सरकारी कागदपत्रांत वापरावीत. त्या यादीत ‘किस्ड’, ‘ड्रॉप्ड’, ‘विश्ड’ यांसारखी भूतकालवाचक रूपे ई-डीऐवजी केवळ टी लावून लिहावीत असेही सुचविलेले होते. वृत्तपत्रांनी या हुकुमाची टर उडविली, काँग्रेसने विरोध केला, आणि वर्ष संपण्यापूर्वी राष्ट्राध्यक्षांना माघार घ्यावी लागली. मंडळाच्या सर्वच सूचना टाकाऊ होत्या असे मी म्हणणार नाही. परंतु भूतकाळाच्या बाबतीत मात्र लोकांनी जे नाकारले ते योग्यच नाकारले असे माझे मत आहे, कारण कानाची एक सोय साधण्यासाठी त्यात व्याकरणाचे एक चिन्ह दोघांत वाटले जाणार होते.

याचा अर्थ इंग्रजी लेखनातील प्रत्येक मुके अक्षर पूज्य मानावे असा मुळीच नाही. ऋण या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे विद्वानांना त्याचे लॅटिन मूळ आठवले आणि त्यांनी बी आणून बसविला, जो आजवर कोणी उच्चारलेला नाही. ‘आयलंड’मधील एस तर सरळसरळ चुकीचा आहे, कारण तो शब्द जुना इंग्रजी असून त्याचा त्या एसशी कुळाचा संबंध नाही, फ्रेंचमार्गे आलेल्या ‘आइल’ या दुसऱ्याच शब्दाच्या सादृश्याने तो तेथे शिरला. विल्यम कॅक्स्टन याने 1476 साली वेस्टमिन्स्टर येथे आपला छापखाना मांडला. पुढे छपाईने शब्दांची रूपे स्थिर होत गेली, त्याच शतकांत स्वरांचे उच्चार मात्र पालटत राहिले, आणि 1755 साली डॉ. जॉन्सन यांचा कोश सिद्ध होईपर्यंत लेखन आणि उच्चार यांची ताटातूट पुरी झाली होती. बर्नार्ड शॉ यांना या विसंगतीचा इतका उद्वेग होता, की त्यांनी आपल्या मृत्युपत्रात नवी वर्णमाला निर्माण करण्यासाठी द्रव्य ठेवले, आणि 1962 साली त्यांचे ‘अँड्रोक्लिस अँड द लायन’ हे नाटक त्या वर्णमालेत छापूनही निघाले. पुढे तीत फारसे कोणी लिहू लागले नाही.

योगायोगाने त्याच 1962 साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम मान्य केले, आणि ‘नांव’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ यांसारख्या शब्दांवरचे अनुच्चारित अनुस्वार आपण एका हुकुमासरशी पुसून टाकले. मराठी लिहिणाऱ्यांचा भार त्यामुळे पुष्कळच हलका झाला, आणि जे अनुस्वार केवळ व्युत्पत्तीच्या आधारावर उभे होते ते गेले याची मला खंत नाही. अनेकवचनाच्या सामान्यरूपावरील अनुस्वार आपण राखला, ‘मुलाना’ न लिहिता ‘मुलांना’च लिहितो, हेही विवेकाचे झाले. परंतु त्याच झाडणीत काही जिवंत व्याकरणही वाहून गेले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ‘त्याने काम केलें’ यातील नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘त्याने आंबे गोळा केले’ यातील पुल्लिंगी अनेकवचन ही दोन रूपे जुन्या लेखनात एका बिंदूने वेगळी दिसत. आज ती सारखीच लिहिली जातात. बोलताना मात्र आपण पहिल्या वाक्यात ‘केलं’ म्हणतो आणि दुसऱ्यात ‘केले’ म्हणतो, म्हणजे कानाला जो भेद आजही ठाऊक आहे तो प्रमाणलेखनाने विसरून दाखविला. मुके अक्षर मृत आहे की मुकाट्याने काम करीत आहे, हे पाहूनच त्यावर कुऱ्हाड चालवावी.

हीच कसोटी उलट बाजूनेही लावली पाहिजे, आणि तेथे शुद्धिवाद्यांना आवर घालावा लागेल. खिमा केलेले मांस या अर्थाने ‘मिन्स्ड मीट’ असे दोन शब्द होते, त्यांचा ‘मिन्समीट’ असा एक शब्द झाला आणि डी गळाली. ‘पॉप्ड कॉर्न’चे ‘पॉपकॉर्न’ झाले. ‘आइस्ड क्रीम’ असेही पूर्वी लिहीत असत, आज ते लिहिणाऱ्याकडे लोक चमकून पाहतील. या शब्दांतील डी पुनः प्रस्थापित करू पाहणे हा निव्वळ हट्ट होय, कारण येथे क्रियापद उरलेलेच नाही. कोणी काही गोठविले, कोणी काही फोडले, असा क्रियेचा बोध या शब्दांतून होत नाही, एका पदार्थाचे नाव तेवढे कळते. याउलट मलई काढलेल्या दुधाला इंग्लंडात ‘स्किम्ड मिल्क’ आणि अमेरिकेत बहुधा ‘स्किम मिल्क’ म्हणतात. तेथे क्रिया अजून अर्धीमुर्धी जाणवते, म्हणून दोन्ही रूपे नांदतात. बर्फ घातलेल्या चहाच्या बाबतीत ‘आइस्ड टी’ की ‘आइस टी’ हा वाद अजून चाललेला आहे, आणि तो व्याकरणाने मिटणार नसून पिणाऱ्यांच्या वहिवाटीने मिटेल. या वर्गातील मला अतिशय मार्मिक वाटणारे उदाहरण म्हणजे ‘पास्ट’. हा शब्द मुळात ‘पास’ या क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधितच. परंतु ‘गतकाळ’ आणि ‘पलीकडे’ या अर्थांनी तो क्रियापदापासून तुटला तेव्हा त्याला एस-टी असे स्वतंत्र लेखन मिळाले, आणि क्रियापदाकडे ई-डी राहिली. ‘तो दारावरून गेला’ हे ‘पास्ड’ने सांगितले तर ई-डी लिहावी, ‘वॉक्ट’ने सांगून पुढे ‘पास्ट’ जोडले तर एस-टी लिहावी. उच्चार दोहोंचा एकच. येथे लेखन जे वेगळे करते ते कानाला कधीच वेगळे करता येणार नाही.

कानाने भाषा मिळविणाऱ्यांच्या इतर चुकाही याच जातीच्या आहेत. ‘कुड हॅव’ हे घाईने बोलताना ‘हॅव’चा केवळ ‘अव्’ उरतो, ‘ऑफ’ या शब्दयोगी अव्ययाचाही अनाघाती उच्चार तोच, म्हणून इंग्लंड-अमेरिकेतील असंख्य लोक तेथे ‘ऑफ’ लिहून बसतात. ‘लीड’चा भूतकाळ ‘लेड’ हा ए-वाचून लिहावयाचा असतो. परंतु ‘रीड’चा भूतकाळ ‘रेड’ अक्षरात काडीचाही बदल न करता लिहिला जातो, आणि शिसे या धातूचे नाव तर ‘लेड’ असेच उच्चारून ए घालूनच लिहितात. तेव्हा लेखकाची लेखणी सादृश्याने घसरली तर नवल नाही. आपल्याकडे जुन्या पिढीतील ज्या माणसाने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपले इंग्रजी घडविले, त्याच्या हातून ‘कुड ऑफ’ लिहिले गेल्याचे सहसा आढळणार नाही. कारण त्याने तो प्रयोग प्रथम छापील पानावर पाहिला आणि नंतर, कधी तरी, कोणाच्या तोंडून ऐकला. मात्र न्यू जर्सीत वाढणारी मराठी मुले, आणि मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांत बालपणापासून ही भाषा ऐकत आलेली मुले, आता कानाच्या वर्गात जाऊन बसली आहेत, आणि त्यांच्या चुकाही त्या वर्गाला साजेशा होऊ लागल्या आहेत. यावरून ती मुले अधिक बेफिकीर झाली असा निष्कर्ष काढणाऱ्या पालकांनी थोडे थांबावे. भाषा शिरण्याचे द्वार बदलले, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ज्याने इंग्रजी डोळ्याने मिळविली त्याच्या लेखनात खरी अडचण येते ती काळाची, आणि तिचे मूळ त्याच्या मराठीत असते. ‘डिड नॉट वेन्ट’ हा आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला प्रमाद घ्यावा. शिक्षक त्यावर तांबडी रेघ ओढतात, ‘गो’ असे लिहून देतात आणि पुढच्या वहीकडे वळतात. आठ दिवसांनी विद्यार्थी पुनः ‘वेन्ट’ लिहितो. तो तसे का लिहितो? मराठीत ‘मी गेलो’ याचा नकार ‘मी गेलो नाही’ असा होतो. ‘नाही’ हा शब्द काळाविषयी काही सांगत नाही, भूतकाळ ‘गेलो’वर जसाच्या तसा राहतो. विद्यार्थ्याने ‘डिड नॉट’ म्हणजे ‘नाही’ असे धरून ठेवले आणि ‘गेलो’साठी ‘वेन्ट’ लिहिले. त्याच्या बुद्धीने मराठीचा नियम चोख पाळला. त्याला एवढेच सांगावयाचे होते, की इंग्रजीत भूतकाळ ‘वेन्ट’मधून उठून ‘डिड’मध्ये जाऊन बसला आहे, आणि हे ज्याला एकदा दिसले त्याला ‘डिड नॉट यूस टु’मधील डी का गेली हेही कोणी निराळे सांगावे लागणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्या कचेऱ्यांचे. ‘आपला अर्ज दिनांक 5 रोजी प्राप्त झाला आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्याचा इंग्रजी मसुदा करताना कारकून ‘हॅज बीन रिसीव्ड’ लिहून पुढे दिनांक घालतो, आणि वरिष्ठांच्या सह्यांनिशी तो मसुदा रवाना होतो. मराठीतील ‘झाला आहे’ एवढेच सांगते, की क्रिया पुरी झाली आणि तिचा परिणाम समोर आहे. ती कोणत्या दिवशी झाली हे सोबत सांगावयास आपल्या भाषेची हरकत नाही, म्हणूनच ‘मी त्यांना कालच भेटलो आहे’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीतील ‘हॅव’युक्त रूप मात्र वर्तमानाशी बांधलेले आहे; काल, परवा, अमुक तारखेस असा सरलेला क्षण नेमका दाखविला, की ते रूप तेथे टिकत नाही, आणि ‘वॉज रिसीव्ड’ असा साधा भूतकाळच वापरावा लागतो. ‘आताच’, ‘अजून’, ‘आधीच’ अशा अर्थाच्या शब्दांबरोबर इंग्लंडातील लोक ‘हॅव’ योजतात, तर अमेरिकन लोक तेथे साध्या भूतकाळावरही भागवितात. म्हणजे ही सीमारेषा खुद्द त्यांच्यातही सर्वत्र सारखी नाही. परंतु ‘काल’ या शब्दाच्या बाबतीत दोन्ही देशांचे प्रमाणलेखन एकमुखाने बोलते.

व्याकरणातील काळ आणि घड्याळातील काळ एक नव्हेत, हे सत्य मराठी माणसाला शिकविण्यासाठी परदेशी उदाहरणांची गरज भासू नये. उंबरठ्यावरून पाय बाहेर टाकताना आपण घरच्यांना ‘आलोच’ असे भूतकाळात सांगतो आणि येतो अर्ध्या तासाने. ‘पाऊस पडला तर मी येणार नाही’ या वाक्यातील पाऊस अजून पडावयाचा आहे, तरी क्रियापद ‘पडला’ असे आहे. इंग्रजी त्या ठिकाणी ‘इफ इट रेन्स’ असा वर्तमानकाळ घालते, आणि ‘आता आपण निघायला हवे’ हे सांगताना ‘इट्स टाइम वी वेन्ट’ असा भूतकाळ घालते. ज्या विद्यार्थ्याला ‘आलोच’मधील भूतकाळ खटकत नाही त्याला ‘वेन्ट’मधला खटकण्याचे कारण काय? कारण एवढेच, की त्याला त्याच्या स्वतःच्या भाषेतील हे वैचित्र्य कोणी कधी दाखवून दिलेले नसते. दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण 1836 साली छापून काढले, तरी आजही आपल्या शाळांत मराठीचे व्याकरण गुणांपुरते आणि इंग्रजीचे व्याकरण मराठीकडे पाठ फिरवून शिकविले जाते. ‘यूस्ड टु’साठी तर आपल्याकडे स्वतंत्र रीतिभूतकाळच आहे. ‘आजोबा पहाटे उठत, नदीवर जात, येताना फुले आणीत’ या वाक्यात जो अर्थ आपण नुसत्या क्रियापदाच्या रूपाने व्यक्त करतो, तो सांगण्यासाठी इंग्रजीला एक जादा शब्दजोडी लागते. जो मुलगा ‘जात’ आणि ‘गेले’ यांतला भेद जाणतो त्याच्या हाती या इंग्रजी प्रयोगाची किल्ली आधीच आहे.

शब्दलेखनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. नोआ वेब्स्टर यांनी 1828 साली आपला मोठा अमेरिकन कोश प्रसिद्ध केला, आणि रंग, केंद्र, संरक्षण यांच्या इंग्रजी शब्दांची त्यांनी पुरस्कारलेली रूपे त्या राष्ट्रात कायम झाली. ‘प्रॅक्टिस’ हे नाम असता सी आणि क्रियापद असता एस, हा ब्रिटिश भेद अमेरिका मानीत नाही. ‘शिकलो’साठी ‘लर्न्ट’ आणि ‘लर्न्ड’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. पहिले इंग्लंडात अधिक चालते, दुसऱ्यावाचून अमेरिकेत चालत नाही. आपल्याकडे सरकार, न्यायालये आणि विद्यापीठे यांचा शिरस्ता ब्रिटिश लेखनाचा, आणि आता संगणक मात्र पुष्कळदा अमेरिकन वळणावर बेतलेला असल्यामुळे शुद्ध लिहिलेल्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढतो. या यंत्राच्या हुकुमाला व्याकरणाची सनद समजून पिढ्यांची वहिवाट सोडून देणे मला गैर वाटते. एका लेखात एकच पद्धती असावी, एवढे बंधन पुरे आहे.

म्हणून परीक्षकांपुढे माझी एक साधी मागणी आहे. उत्तरपत्रिकेत ‘यूस टु’ हे डीवाचून आले, ‘हॅव सीन’च्या पुढे ‘येस्टरडे’ आले, आणि रंग या अर्थाच्या शब्दात यू नसला, तर या तिन्हींना आज सारख्याच तांबड्या शाईने सारखाच अर्धा गुण कापला जातो. त्यांतली पहिली कानाची चूक आहे आणि तिच्यासाठी विद्यार्थ्याला वाक्यातील भूतकाळाची खूण शोधावयास लावले पाहिजे; दुसरी मराठीतून आलेली आहे आणि तिच्यासाठी मूळ मराठी वाक्य त्याच्या शेजारी लिहून दोन्ही भाषा ‘काल’ या शब्दाला कशी जागा देतात हे दाखविले पाहिजे; तिसरी चूकच नाही, आणि तिचा गुण कापण्याचा अधिकार, उत्तरपत्रिका आद्यंत त्याच पद्धतीने लिहिलेली असेल तर, परीक्षकाला नाही.